घड की धड : केळी उत्पादकांच्या पत्रकासाठी फॉन्ट निवडताना

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक गटाचं हे काम. गट दरवर्षी सभासदांना एक पत्रक देतो. लागवडीपासून काढणीपर्यंत कोणत्या महिन्यात काय करायचं, ठिबकमधून कोणतं खत किती सोडायचं, करपा दिसला तर कसली फवारणी आणि प्रमाण काय, हे सगळं त्यात असतं. ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, दोन घड्या. पुढची बाजू मराठीत. मागच्या बाजूला फवारणीचा भाग हिंदीत, कारण सातपुड्यापलीकडून कामाला येणारे मजूरच अनेक बागांत पंप पाठीला लावतात. हा कागद कोणी फाइलला लावून ठेवत नाही. तो मोटारीच्या खोलीत खिळ्याला अडकवलेला असतो, नाहीतर खिशात चौघडी होऊन बागेत जातो. पाच बाय पाच फुटांवर लावलेली केळी मोठी झाली की बागेत भर उन्हाळ्यातही अंधूक उजेड असतो. वाचणारे बरेचसे पन्नाशी-साठीचे, आणि चष्मा घरी.

गटाच्या तरुण सचिवांना पत्रक ‘जरा मॉडर्न’ हवं होतं. निर्यातीच्या खोक्यासाठी त्यांनी एक गोलसर, भौमितिक वळणाचा फॉन्ट पसंत केला होता, सध्या जाहिरातींत सर्रास दिसतो तसला. पत्रकालाही तोच लावा, म्हणजे गटाची एक ओळख तयार होईल, असं त्यांचं म्हणणं. छपाई भुसावळच्या एका जुन्या छापखान्यात होते. तिथल्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या वडिलांच्या काळी तिथे पायाने चालवायचं ट्रेडल मशीन होतं आणि जुळारी केसमधून (खणांच्या पेटीतून) खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, उचलून जुळणी करायचे. अण्णांचं मत एका वाक्याचं होतं: “सायेब, आहे तेच चालू द्या, लोकांना सवय आहे.” मांडणीचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे या दोघांच्या मध्ये मी.

आधी जुनं पत्रक नीट पाहिलं. पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेली फाइल, तीच दरवर्षी तारखा बदलून वापरलेली. बटर पेपरवर लेझर प्रिंट काढायची, त्यावरून प्लेट करायची, आणि स्वस्त मॅपलिथो कागदावर शाई जरा जास्तच सोडून छापायचं. वळण मूळचं सुरेख होतं, जाड-बारीक रेघांचं, ग्रंथछपाईतल्यासारखं. पण दहा पॉइंटात आणि ठळक केलेल्या तक्त्यात त्याच्या फटी बुजलेल्या होत्या. ‘घड’ आणि ‘धड’, ‘मर’ आणि ‘भर’ यांतला फरक भिंग लावून शोधावा लागत होता. आणि हे शब्द या पत्रकात खरोखरच शेजारी शेजारी येतात: एका रकान्यात मर रोग, पुढच्यात मातीची भर. गटाच्या बैठकीत एकाने विचारलेला प्रश्न सचिवांनी मला सांगितला, “ते पाच मिली आहे का शून्य पॉइंट पाच?” त्या ओळीतला दशांशाचा ठिपका छपाईत जवळजवळ गायब झालेला होता.

इथे कामाची दिशा ठरली. ओळख, मॉडर्नपणा, सवय हे तिन्ही मुद्दे नंतरचे. या कागदावर वाचणारा नेमका कुठे अडखळतो आणि काय चुकीचं वाचतो, ते आधी.

देवनागरीची अडचण शिरोरेषेत आहे. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या जोड्यांतला भेद डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात राहतो: एकाची शिरोरेषा सलग, दुसऱ्याची तुटलेली आणि तिथे छोटी गाठ किंवा वळसा. बोरूने लिहिताना ही फट आपोआप मोठी पडते, कारण टोक तिरकं कापलेलं असतं आणि हात तिथे वळतो. धातूच्या खिळ्यात ती फट कोरणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून राहिली. मराठीतली अगदी सुरुवातीची काही पुस्तकं तर आपल्याकडे छापलीही गेली नाहीत. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरला नागरी खिळ्यांत छापलं गेलं, आणि त्याचा मराठी कोश १८१० साली मोडी खिळ्यांत. पुढे मुंबईत छपाई रुजली, आणि आपण ज्याला ‘मराठी पुस्तकातलं अक्षर’ म्हणतो ते प्रामुख्याने तिथे घडलं. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी पंच (अक्षरांचे पोलादी ठसे) कोरणारे राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या अक्षरांत ध आणि भ यांच्या गाठी इतक्या मोकळ्या आहेत की शंभर वर्षांपूर्वीचं पिवळं पडलेलं पान आजही न अडखळता वाचता येतं. त्या काळी मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून देवनागरीच्या केसमध्ये शेकड्यांनी खिळे असायचे. जुळाऱ्याला त्रास, वाचणाऱ्याची चैन.

मग यंत्रं आली आणि हिशेब उलटा झाला. लायनोटाइप या धातूच्या ओळी ओतणाऱ्या जुळणीयंत्राच्या एका मॅगझिनमध्ये, म्हणजे अक्षरसाच्यांच्या पेटीत, ९० खाने. हरी गोविंद गोविल यांनी १९३०च्या दशकात देवनागरी त्यात बसवली, ती जोडाक्षरं फोडून आणि अर्ध्या अक्षरांवर भागवून. टंकलेखन यंत्राने आणखी छाटणी केली. आणि संगणक आला तेव्हा पुण्यात सी-डॅकने जिस्ट आणि मॉड्युलर इन्फोटेकने श्री-लिपी ही संगणकावरच्या जुळणीची साधनं आणून मराठी छापखान्यांचं भाग्य उघडलं खरं, पण त्या पिढीच्या फॉन्टमध्येही एकूण २५६च घरं होती. त्यात काना, मात्रा, अर्धी अक्षरं अशी तुकड्या-तुकड्यांची देवनागरी रचायची. अण्णांच्या छापखान्यातली फाइल याच घराण्यातली. ती वाईट नव्हती. ती वृत्तपत्राच्या आणि लग्नपत्रिकेच्या आकाराला चांगली होती. दहा पॉइंटात ठळक तक्ता तिच्याकडून कोणी मागितलाच नव्हता.

चाचणी

परीक्षेला चार फॉन्ट बसवले. सचिवांचा गोल फॉन्ट, विंडोजसोबत यायचा तो मंगल, टिरो देवनागरी मराठी, आणि ‘मुक्त’ नावाचा एक. जुना फॉन्ट तुलनेला होताच.

नमुना म्हणून कुठलंही सुभाषित किंवा ‘अआइई’ घ्यायचं नाही, हे पहिलं ठरवलं. फॉन्टची ओळख करून देणारी पानं सुंदर दिसतात ती त्यांतले शब्द सोयीचे निवडलेले असतात म्हणून. आमच्या यादीत पत्रकातलेच अवघड शब्द होते: घड, धड, मर, भर, खोड, खुंट, थेंब, केळी, निंबोळी अर्क, शेतकऱ्यांनी, वाऱ्याने, विद्राव्य, सूक्ष्म अन्नद्रव्ये, स्फुरद, फॉस्फरिक आम्ल, मॅग्नेशियम, ॲसिड. खानदेशच्या कामात ‘ळ’ची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, पारोळा, आणि वर केळी. हिंदीला डोळ्यांपुढे ठेवून काढलेल्या काही फॉन्टमध्ये ळ हा मागाहून बोलावलेल्या पाहुण्यासारखा दिसतो: इतर अक्षरांपेक्षा रुंद, नाहीतर दोन्ही पोटं दबलेली. ज्या पत्रकात ‘केळी’ हा शब्द दर दोन ओळींनी येतो तिथे हे खपत नाही.

शब्द वाक्यातून सुटे काढून, उलटसुलट क्रमाने छापले. वाक्यात असले की माणूस अंदाजाने वाचतो. ‘घड निसवल्यावर’ इथे ‘धड’ कोणी वाचणार नाही. शब्द चुकला तर वाक्य सांभाळून घेतं. आकड्याला सांभाळून घ्यायला कोणी नसतं. म्हणून यादीचा अर्धा भाग नुसत्या आकड्यांचा ठेवला: १, ९, १९, ९१, ०.५, ५, २.५, २५. देवनागरी १ आणि ९ यांचं नातं जवळचं आहे. दोघांच्याही माथ्यावर वाटोळं, खाली शेपूट. ९ चं वाटोळं कुठल्या बाजूला उघडतं एवढाच आधार.

छपाई त्याच छापखान्यात, त्याच बटरवरून, त्याच कागदावर केली. लेझर प्रिंटवर फॉन्ट निवडणं ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. लेझर प्रिंटवर सगळेच गोरे दिसतात.

गटाच्या बैठकीला आलेल्या सभासदांना तो कागद मोठ्याने वाचायला दिला, निम्म्यांना खोलीत आणि निम्म्यांना बाहेर केळीच्या सावलीत. मी फक्त खुणा करत होतो: कुठे थांबले, कुठे कागद लांब धरला, कुठे चुकले. ‘आवडला का?’ हा प्रश्न विचारायचा नाही असं सचिवांना बजावलं होतं. तो विचारला की लोक फॉन्टबद्दल न बोलता विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोलतात.

गोल फॉन्ट मोठ्या अक्षरांत छान वाटला आणि तक्त्यात पडला. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या असल्याने ठळक केला की ध ची गाठ शिरोरेषेला चिकटली. १ आणि ९ सावलीत बऱ्याच जणांनी अदलाबदल केले. शिवाय अक्षरं रुंद, त्यामुळे मजकूर बसवायला साडेदहा पॉइंटावर यावं लागत होतं. मंगल हा कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केलेला, विंडोज २०००पासून मराठी संगणकावर घरोघरी पोचलेला फॉन्ट. पडद्यासाठी काढलेला आहे आणि त्या काळच्या ठोकळेबाज पडद्यावर त्याने मोठं काम केलं. सरकारी परिपत्रकांमुळे तो आता कागदावरही सगळीकडे असतो, पण कागदावर तो मला नेहमीच पोकळ वाटत आलाय, आणि मॅपलिथोवर ते मत बदललं नाही. वाचताना मात्र त्यात फार कोणी चुकलं नाही, हे नोंदवायला हवं.

टिरो देवनागरी मराठीने मला मोहात पाडलं. तो जुन्या ग्रंथछपाईच्या वळणावर बेतलेला आहे, मराठीसाठी वेगळा आणि हिंदी-संस्कृतसाठी वेगळा असा मुद्दाम केलेला, आणि ज्येष्ठ सभासदांनी तोच सगळ्यांत सलग वाचला. एक नाना तर शब्दांची यादी पोथी वाचल्यासारखी हेल काढून वाचत गेले. पण त्यात साधं आणि तिरकं एवढीच रूपं आहेत, ठळक नाही. तक्त्याला वजनाची, म्हणजे रेघांच्या जाडीची, उतरंड लागते. आणि त्याच्या बारीक रेघा या प्लेटवर जागोजागी तुटत होत्या. चांगल्या कागदावरच्या पुस्तकाला मी तो डोळे झाकून घेईन.

मुक्त वाचताना कोणी काही बोललं नाही. कोणी थांबलंही नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला हा फॉन्ट, सात वजनांत मिळतो, आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्याने छापखान्याने, गटाने, पुढच्या वर्षीच्या एखाद्या नवीन ऑपरेटरनेही तो उतरवून घेतला तरी परवान्याचा प्रश्न येत नाही. आमच्याकडे छापखान्यांत फॉन्टच्या सीड्या कशा फिरल्या हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे हा मुद्दा मी वर घेतला. निवड त्याचीच झाली. मजकूर साडेबारा पॉइंटात, ओळींचं अंतर अठरा. वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्यामुळे मराठीला एवढी हवा लागतेच, इंग्रजीच्या सवयीने ओळी आवळल्या की ‘कू’च्या उकारात खालच्या ओळीचा रफार अडकतो. तक्त्यात बोल्ड टाळून त्याच्या अलीकडचं वजन घेतलं, कारण बोल्डमध्ये फटी पुन्हा बारीक होत होत्या. मजकूर थोडा कापावा लागला. तो कापला ते बरंच झालं, ‘प्रगतिशील शेतकरी बांधवांनो’ने सुरू होणारा परिच्छेद कोणी वाचत नव्हतंच.

ल, श आणि सरकार

बैठकीत सगळ्यांत जास्त वेळ ल आणि श यांवर गेला. गटातले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, पत्रकात मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, हिंदीचा नको. त्यांचं चूक नव्हतं. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि तिची रूपं ठरवून दिली होती. आणि वादाला इतिहास आहे: अ, झ, ण यांचीही पूर्वी मुंबईकडची आणि उत्तरेकडची रूपं वेगळी होती. हिंदीच्या मानक वर्णमालेने त्यांतली मुंबईकडची उचलली, ल-श मात्र आपापल्या जागी राहिले. म्हणून आजचं भांडण या दोन अक्षरांपुरतं उरलंय.

तांत्रिक उत्तर आहे. ओपनटाइप फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन रूपं ठेवता येतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ नेमली की मराठी रूप पुढे येतं. या पत्रकाला तर हे सोयीचं, पुढची बाजू मराठी आणि मागची हिंदी. पण त्यासाठी सॉफ्टवेअरला ही भाषा कळावी लागते, आणि छापखान्यातली कोरलड्रॉची जुनी आवृत्ती या बाबतीत बहिरी होती. मी पत्रक नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवून पीडीएफ देण्याचं ठरवलं. तरी गुरुजींना स्पष्ट सांगितलं की उद्या छापखान्याने स्वतः दुरुस्ती केली आणि हिंदी वळणाचा ल आला, तर मी त्यासाठी छपाई थांबवणार नाही. दोन्ही ल सगळ्यांना वाचता येतात. घ चा ध झाला तर थांबवीन. ते फारसे खूश झाले नाहीत.

फाइल बदलताना

जुन्या फाइलमधला मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) आणायला परिवर्तक वापरला. पुन्हा टाइप केलं असतं तर वेळ जवळपास तेवढाच लागला असता. जुन्या पद्धतीत अक्षरांची घरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असल्याने फॉन्ट नसला की सगळं ‘उडतं’, आणि परिवर्तन करताना काही गोष्टी हमखास सटकतात. ‘शुद्ध’चं ‘शुध्द’ झालं. ‘½’ची खूण साफ नाहीशी झाली. आणि ‘शेतकऱ्यांनी’ सगळीकडे ‘शेतकर्यांनी’ झाले. हा अर्धा ऱ हिंदीला लागत नाही, मराठीला पावलोपावली लागतो: दुसऱ्या, वाऱ्याने, व्यापाऱ्याला, पुऱ्या बागेला. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो, नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन किंवा र् नंतर एक अदृश्य जोडखूण घालून. दिसायला दोन्ही सारखेच, पण मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवताना अदृश्य खूण गळून पडली की रफार होतो. आम्ही सगळीकडे पहिली पद्धत लावली आणि मुद्रितशोधनात ‘र्य’ शोधून एकेक तपासला, कारण ‘कार्य’ आणि ‘सूर्य’ यांतला बरोबर आहे. ॲ चंही तसंच, तो युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या मजकुरात अ वर चंद्र चिकटवलेला सापडतो आणि काही फोनवर तो फुटतो.

आकड्यांचा निर्णय

फॉन्ट ठरल्यावरही ०.५चा प्रश्न सुटला नव्हता. कोणत्याही फॉन्टमध्ये दशांशाचा ठिपका हा ठिपकाच, आणि या कागदावर ठिपका गळायचाही आणि नको तिथे आपोआप उमटायचाही. तोडगा नानांनी दिला. ते म्हणाले, “आम्ही पॉइंट कुठं बोलतो? अर्धा म्हना ना.” मराठीत पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच आहेतच. तक्त्यात प्रत्येक प्रमाणापुढे ते अक्षरी छापलं: अर्धा मिली, अडीच ग्रॅम. आणि लिटरमागच्या प्रमाणाशेजारी पंधरा लिटरच्या पंपाला किती, तो रकाना वाढवला: साडेसात मिली, साडेसदतीस ग्रॅम. शेतकरी पंप भरतो, लिटर मोजत बसत नाही.

अंकांच्या लिपीवर मात्र बैठक दुभंगली. औषधाच्या बाटलीवर, मापाच्या पेल्यावर, ठिबकच्या टाकीवर सगळीकडे इंग्रजी आकडे असतात, आणि तरुण मंडळी तेच झटकन वाचतात. ज्येष्ठांना देवनागरी सोपे. शेवटी प्रमाणाच्या रकान्यात इंग्रजी आकडा आणि शेजारी मराठी अक्षरी, बाकी सगळ्या मजकुरात देवनागरी अंक असं ठरलं. मांडणीकार म्हणून मला ही सरमिसळ खुपते. पण पेल्यावरची रेघ आणि कागदावरचा आकडा एकसारखे दिसले पाहिजेत, या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

व्हॉट्सॲपसाठी सबंध पत्रकाचा फोटो टाकायची पद्धत बंद केली. फवारणीचा तक्ता फोनच्या रुंदीला वेगळा जुळवला, एका चित्रात एकच महिना.

खोक्यावर सचिवांचा गोल फॉन्टच छापला गेला. तिथे ‘केळी’ आणि गटाचं नाव एवढंच आहे, चार बोटं उंचीच्या अक्षरांत, दुरून वाचायला. ळ ची दोन्ही पोटं त्या आकारात चांगली मोकळी दिसतात. अण्णांनी जुनी फाइल पुसलेली नाही. लग्नपत्रिकेला लागेल म्हणाले.